पाहणारे

आसेगाव म्हटले की ‘कोणते?’ असा प्रश्न येतो. वऱ्हाडात या नावाची गावे पुष्कळ आहेत. अमरावतीकडे पूर्णेचे आसेगाव आहे, रिसोड तालुक्यात एक आहे. माझे माहेर मंगरूळपीर तालुक्यातले. मी जन्मले तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते. 1998 पासून वाशीम जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, शेतातली ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. पण श्रावणात मी पंधरावीस दिवस माहेरी जाते, तो नेम बदललेला नाही. दादा आता नाही. वहिनी आहे, आणि वहिनी आहे तोवर माहेर आहे.

पूर्वी श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी लागत असे. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बायकांनी वाती वळता वळता ऐकायचे, अशी रीत. गेल्या श्रावणात त्याच ओसरीवर कोरियातली एक मालिका लागली. दादाची नात पुण्याला नोकरी करते. काही दिवस घरून काम करण्याची परवानगी काढून ती आली होती. संध्याकाळी काम आटोपले की त्याच लॅपटॉपवर ती मालिका लावी. पहिल्या दिवशी ती एकटीच पाहत होती. दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, त्यांची सून आली, सुनेबरोबर तिचा सहा वर्षांचा मुलगा आला, आणि मागल्या गल्लीतल्या दोघीजणी आल्या. पडद्यावरची माणसे कोरियन बोलत, खाली इंग्रजी अक्षरे उमटत, आणि नात ती वाचून आम्हांला वऱ्हाडीत अर्थ सांगे. वाती वळणे चालूच होते. तेव्हा रीत तीच राहिली. पोथी तेवढी बदलली.

मालिकेचे नाव ‘एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू’. सोळा भागांची. 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये ती कोरियात दाखवली गेली. ज्या लहानशा वाहिनीवर ती लागली, तिचे नाव तिकडेही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पहिला भाग शंभरातल्या एका घरातही धड पाहिला गेला नाही. शेवटच्या भागापर्यंत तो आकडा साडेसतरा टक्क्यांवर गेला. नायिका वू यंग-वू ही तरुण वकील. पार्क उन-बिन नावाच्या नटीने ती भूमिका केली आहे. ही मुलगी स्वमग्न आहे. पाच वर्षांची होईतो ती एक शब्द बोललेली नाही. एके दिवशी घरमालक तिच्या बापाच्या अंगावर धावून येतो, तेव्हा तिच्या तोंडून जे पहिले बोलणे निघते ते कायद्याचे कलम. पुढे ती कायद्याच्या परीक्षेत पहिली येते, आणि तरी कितीतरी दिवस तिला कुणी कामावर घेत नाही. रस्त्यातला गोंगाट तिला सोसत नाही, म्हणून ती कानांवर झाकणे घालून आगगाडीत बसते. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ती मनाशी तीन आकडे मोजते. फिरत्या दारातून तिला पलीकडे जाता येत नाही. रोज ती एकच पदार्थ खाते: समुद्रातल्या पानात भात आणि भाज्या गुंडाळून कापलेल्या चकत्या. का, तर आत काय आहे ते कापावर स्पष्ट दिसते, खाताना दगा होत नाही. आणि कुणी ऐको न ऐको, ती देवमाशांविषयी बोलत राहते.

‘‘हे पोट्टी सरळ कावून पाह्यत नाई वं कोनाकडे?’’ मागल्या गल्लीतलीने पहिल्याच दिवशी विचारले. दुसरी म्हणाली, ‘‘लाजत असंन.’’ नातीने स्वमग्नता म्हणजे काय ते सांगण्याचा प्रयत्न केला. बायकांनी ऐकून घेतले, पण त्यांना ती पटली दुसऱ्याच वाटेने. वकीलबाई स्वतःचे नाव सांगताना दर वेळी सांगते की ते सुलट वाचा, उलट वाचा, एकच आहे. आणि मग तसले आणखी शब्द एका दमात म्हणून दाखवते. त्या शब्दांत एक आहे ‘इंदोइन’. नातीने सांगितले की कोरियन भाषेत त्याचा अर्थ भारतातला माणूस असा होतो. आपण त्या यादीत आहोत हे ऐकून ओसरीवर मोठा आनंद झाला. काकू म्हणाल्या, ‘‘हे तं आपुन लहानपनी म्हनो! चिमा काय कामाची!’’ दुसरीने ‘रामाला भाला मारा’ काढले, तिसरीने ‘ती होडी जाडी होती’. दहा मिनिटे मालिका थांबवून साठीच्या बायका उलटसुलट वाक्ये म्हणत बसल्या. त्या दिवसापासून वकीलबाई आमची झाली. तिला त्या ‘चिमा’ म्हणू लागल्या. ‘‘आज चिमाचा कोनता खटला हाय वं?’’ असे विचारीतच बायका पायऱ्या चढत.

सातव्या-आठव्या भागांत एका खेड्याचा खटला आहे. गावातून मोठा रस्ता जायचा असतो आणि गावच्या टेकडीवर एक जुने, विस्तीर्ण झाड असते. हे दोन भाग पाहायला पुरुषही येऊन बसले. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मोजणी, नोटिसा, कुणाला मिळालेला पैसा आणि कुणाचे तुटलेले वावर या गोष्टी इथे कुणाला समजावून द्याव्या लागत नाहीत. एक म्हातारे गृहस्थ तर कोरियन गावकऱ्यांना मोठ्याने सल्ले देऊ लागले. ते झाड खरोखरीचे आहे. दक्षिण कोरियातल्या चांगवन शहराजवळ एका खेड्यात ते सुमारे पाचशे वर्षे उभे आहे. मालिकेनंतर लोकांनी तिथे रीघ लावली आणि 2022 च्या ऑक्टोबरात सरकारने ते राष्ट्राचे नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केले. नातीने हे सांगितले तेव्हा मी जरा विचारात पडले. झाड पाचशे वर्षे तिथेच होते. ते मोठे झाले नाही, त्याने फुले जास्त धरली नाहीत. लोकांनी ते पाहिले, एवढेच झाले. पाहण्याला इतके बळ असते काय?

या सगळ्या काळात काकूंचा नातू एकदाही पडद्याकडे पाहत नसे. तो ओसरीच्या मधोमध उताणा पडून छताचा पंखा पाही. मधून मधून डब्याचे स्टीलचे झाकण फरशीवर कडेवर उभे करून फिरवी आणि ते खडखडत निजेपर्यंत त्याच्याजवळ कान नेई. बोलत नाही. त्याच्या आईने पदराआडच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातले एक कार्ड काढून मला दाखवले. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. 2016 च्या कायद्यात जी एकवीस अपंगत्वे मोजली आहेत त्यांत ते आहे. त्या कार्डावर ते छापलेले होते. नाव शेवटी आसेगावापर्यंत आले, आले तेही पाकिटात घालून जपून ठेवण्यासारखे.

मालिका जशी पुढे गेली तशा बायका चिमाच्या प्रेमात पडत गेल्या, आणि काकू मात्र गप्प होत गेल्या. एका संध्याकाळी, चिमाने एक खटला जिंकला होता तेव्हा, त्या उठत म्हणाल्या, ‘‘मी येतो आता. तिले शंभर कलमं पाठ हायेत. माह्या नातवाले पानी मांगता येत नाई. दोघाईले एकच बिमारी कशी म्हनता तुमी?’’ सून हळूच म्हणाली, ‘‘बिमारी नोका म्हनू, आई.’’ काकू काही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, हेही सांगितले पाहिजे.

कोरियातही त्या उन्हाळ्यात हाच प्रश्न निघाला होता. काही आईबापांना वाटले की आपल्या मुलांकडे लोक प्रथमच मायेने पाहत आहेत. काहींना वाटले की आता लोक विचारतील, तुमच्या मुलाच्या अंगी कोणता गुण आहे? नायिकेचे काम करणारी नटी स्वतः स्वमग्न नाही, याचेही काहींना वाईट वाटले. मालिका लिहिणाऱ्या बाईंना हा प्रश्न आधीच ठाऊक असावा. तिसऱ्याच भागात त्यांनी एक तरुण आणला आहे. तो स्वमग्न आहे, आणि त्याला कुठलेही कलम पाठ नाही. धड बोलताही येत नाही. थोरल्या भावाला मारल्याचा आरोप त्याच्यावर आहे. चिमा त्याची वकील. त्या तरुणाच्या आईला चिमाकडे पाहून आनंद होत नाही. दोघांना नाव एक आणि दोघांत अंतर केवढे, हे तिला सोसवत नाही. शेवटी कळते की तो भावाला मारीत नव्हता. भाऊ जीव द्यायला निघाला होता आणि हा त्याला आपल्या परीने वाचवीत होता. पाहणाऱ्यांना मात्र मारणे दिसले, कारण त्याच्यासारख्याकडून त्यांना दुसऱ्या कशाची अपेक्षाच नव्हती.

हा भाग संपल्यावर सगळ्याजणी डोळे पुसत घरी गेल्या. मला रडू आले नाही. मला झोप आली नाही.

मला एक धाकटा भाऊ होता. 1956 चा त्याचा जन्म. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन लिहून या अवस्थेला नाव दिले ते 1943 साली. म्हणजे भाऊ जन्मला तेव्हा ते नाव तेरा वर्षांचे झाले होते. आसेगावात मात्र तेव्हा त्याच्यासाठी निराळी नावे होती. घुम्या. खुळा. बैताड. आईने शेगावच्या महाराजांना नवस केला, मंगरूळपीरच्या दर्ग्यात दोरा बांधला. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटे पाहून ‘मतिमंद’ असे लिहून दिले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

चिमाला गोंगाट सोसत नाही. माझ्या भावाला गोंगाट हवा असे. बाजाराच्या वाटेवर तेव्हा इंजिनावरची पिठाची गिरणी होती. तिच्या नळकांड्यातून पुक् पुक् असा आवाज निघे, तो अर्ध्या गावाला ऐकू जाई. भाऊ पाचसहा वर्षांचा असल्यापासून त्या गिरणीच्या पायरीवर जाऊन बसू लागला. समोर मोठा पट्टा गरगर फिरे. तो पट्ट्याचा जोड दर फेरीला कुठे येतो ते पाही, आणि जोड वर आला की तोंडाने बारीक ‘टक्’ असा आवाज करी. इंजीन बंद पडले की ओरडत सुटे. गिरणीवाल्याने त्याला कधी हाकलले नाही. तो एवढेच करी की इंजीन बंद करायच्या आधी भावासमोर येऊन उभा राही आणि हाताचा पंजा दाखवी. मग एक एक बोट मिटी. पाचवे बोट मिटले की इंजीन बंद. अशा वेळी भाऊ ओरडत नसे. कुणी शिकवले होते त्या माणसाला हे? चिमाचे तीन आकडे मी पडद्यावर पाहिले तेव्हा मला ती पाच बोटे आठवली. संध्याकाळी भाऊ नखशिखांत पांढरा होऊन घरी येई आणि आई पदराने त्याला झटकी.

आमच्या भागात वेडेपणाची एक मोठी परंपरा आहे, असे मी अर्धवट गमतीने म्हणत असते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. महानुभावांच्या ग्रंथांत त्यांच्या लीळा आहेत: कुणाच्याही घरात शिरावे, कशालाही हात लावावा, स्वतःशीच बोलावे. गाव त्यांना वेडा म्हणते आणि त्यांच्याच पाया पडते. सत्पुरुषांना आजारांची नावे चिकटवण्याचा उद्योग मला मान्य नाही. मला सांगायचे आहे ते गावाच्या डोळ्यांविषयी. वेगळ्या माणसासाठी आपल्या डोळ्यांत दोनच कप्पे होते. एक वेड्याचा, एक देवाचा. या मालिकेने तिसरा कप्पा दिला, हुशाराचा. तो चांगलाच आहे. पण या तिन्हींतून जे उरते ते पायरीवर बसून राहते. माझा भाऊ देव नव्हता आणि हुशारही नव्हता. मालिकेत घेता येईल असे त्याच्याजवळ काही नव्हते. तो फक्त होता.

तेरावा भाग लागला त्या संध्याकाळी पाऊस दाटून आला होता. चिमाचे तिच्याच कचेरीतल्या एका भल्या तरुणावर प्रेम बसले आहे. कामानिमित्त सगळे एका बेटावर जातात. तिथे त्या तरुणाची थोरली बहीण राहते. तो चिमाला बहिणीकडे घेऊन जातो. जेवणखाण होते. मग बहीण भावाला बाजूला घेऊन सांगते की आईबापांसमोर तू हिला उभी करू शकशील का; तुला सुख देईल अशी मुलगी आण, जिची तुलाच काळजी घ्यावी लागेल अशी नको. आणि चिमाला ते ऐकू जाते.

ओसरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग मागल्या गल्लीतली एकजण म्हणाली, ‘‘बहीन काही खोटं नाई बोलली बाप्पा.’’ दुसरी म्हणाली, ‘‘हाव नं. चिमा चांगली हाय, पन आपल्या घरात कोन करंन?’’ ज्या बायकांनी बारा दिवस चिमासाठी टाळ्या पिटल्या होत्या, त्याच ह्या. मी त्यांच्यावर रागावले नाही. मला तसा हक्क नव्हता.

1971 च्या हिवाळ्यात मला पाहायला माणसे आली. आपल्याकडे हा शब्दच असा आहे: मुलगी पाहायला येणे. पाहणारे यायचे म्हणून घर सारवले, माझ्यासाठी शेजारून लुगडे आणले, आणि भावाला सालदाराबरोबर शेतात पाठवले. त्या दिवशी तरी तो दिसायला नको, असे घरात ठरले होते. मी एकोणीस वर्षांची होते; मला ते ठाऊक होते आणि मला ते बरे वाटले होते. पाहुणे बैठकीत बसले, मी पोह्यांच्या ताटल्या नेऊन ठेवल्या आणि खाली मान घालून बसले. तेवढ्यात भाऊ आला. पंधरा वर्षांचा, पायांना चिखल. शेतातून एकटाच चालत आला होता. गिरणीची वेळ चुकली होती त्याची. तो कुणाकडेही न पाहता बैठकीतून सरळ माजघरात गेला आणि तिथले जाते फिरवू लागला. रिकामे जाते फिरवू नये म्हणतात. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज बैठकीत भरून राहिला. पाहुण्यांतल्या एकाने विचारले, ‘‘हा कोण?’’

वडील म्हणाले, ‘‘सालदाराचा पोरगा आहे.’’

मी तिथे हातभर अंतरावर होते. या मालिकेच्या लेखिकेने त्याआधी 2019 साली एका चित्रपटाची कथा लिहिली आहे. तिच्यात एक स्वमग्न शाळकरी मुलगी एका खटल्यात साक्षीदार असते. तिला बोलणे इतके अवघड, आणि तरी ती न्यायालयात उभी राहून जे पाहिले ते सांगते. मला तर बोलता येत होते. मी चौथीपर्यंत शाळेत पहिली येत असे. मी मान वर केली नाही. माझे लग्न जमले. सासरी मला भावंडे किती असे कुणी विचारले की मी ‘एक दादा’ म्हणत असे. पहिल्यांदा ते म्हणताना जड गेले. पुढे सवय झाली.

तेराव्या भागाच्या त्या प्रसंगानंतर वीज गेली. लॅपटॉप चालू होता, पण नातीने तो मिटला. पंखा थांबला, आणि काकूंचा नातू किंचाळू लागला. त्याची आई अंधारात त्याला चाचपीत होती. मी उठले. अंधारात तो पाच बोटे पाहणार कशी, आणि पंखा तर आधीच थांबलेला. मी चाचपडत ते स्टीलचे झाकण शोधले आणि फरशीवर उभे करून फिरवले. ते खडखडत निजले. मी पुन्हा फिरवले. पाचसहा वेळा फिरवल्यावर त्याचे ओरडणे उतरले. तो सरपटत जवळ आला आणि त्याने कान फरशीला लावला.

तेव्हा वहिनी बोलली. माझी वहिनी फार बोलणारी नाही. 1974 साली ती या घरात आली. ‘‘मले कोनी सांगतलंच नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘लग्नात नाई, बोलनीत नाई. आली तं पाह्यलं, माजघरात एक पोरगा जातं फिरवून रायला. मी इचारलं, हे कोन? सासूबाई रडाले लागल्या.’’

कुणी काही म्हटले नाही. झाकण फिरत होते.

‘‘सांगतलं असतं तं माह्या बापानं नाईच म्हटलं असतं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘मंग मी आली नसती. अन् मी आली नसती तं त्याईले दहा वर्सं जेवू कोन घातलं असतं? सासूबाई दोन सालात गेल्या. खोटं बोलले ते वाईट केलं, बाई. पन बरं झालं.’’

या वाक्याचे काय करावे ते मला अजून कळलेले नाही. आमच्या घराने दोनदा त्याला लपवले. एकदा माझे लग्न जमावे म्हणून, एकदा दादाचे. पहिल्या लपवण्याने त्याची बहीण गेली. दुसऱ्या लपवण्याने त्याला वहिनी मिळाली. ती त्याची भाकरी फडक्यात बांधून गिरणीच्या पायरीवर नेऊन ठेवी, हे मला माहेरपणात दिसे. मी ते पाही आणि दुपारी निजे. 1984 च्या पावसाळ्यात तो तापाने गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. मी येईपर्यंत सगळे झाले होते. गावात शिरताना मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले, आणि घरापर्यंत आल्यावर कळले की गिरणी बंद आहे. गिरणीवाल्याने त्या दिवशी इंजीन लावलेच नव्हते.

‘‘आत्याआजी,’’ अंधारातून नात म्हणाली, ‘‘आजोबांचा एक भाऊ लहानपणीच वारला, असं मी ऐकलं होतं.’’

लहानपणीच. घरातल्या बोलण्यात त्याचे वय वर्षावर्षाने कमी होत गेले होते. आणखी एका पिढीने तो जन्मलाच नसता. मी म्हटले, ‘‘अठ्ठावीस वर्षांचा होता.’’ मग जे वर लिहिले आहे ते त्यांना सांगितले; सालदाराचा पोरगा म्हटल्याचेही सांगितले. मागल्या गल्लीतल्या दोघींपैकी जिला बहिणीचे म्हणणे खरे वाटले होते ती म्हणाली, ‘‘गिरनीवरचे! मी पाह्यले हायेत त्याईले. दयन न्यायची मी, तवा पायरीवर बसून रायत. बैताड म्हनो आमी.’’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘‘तुमचे भाऊ होते हे मले ठावंच नव्हतं.’’ एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर.

पाहण्याला बळ असते, असे त्या झाडामुळे मला वाटले होते. आता वाटते, पाहण्याला वेळ लागतो, बळ त्यातून येते. आम्ही चिमाला सोळा तास पाहिले. ती मान वाकडी का करते, आकडे का मोजते, दारापाशी का थांबते याचे कारण आम्ही धीराने समजून घेतले, कारण ती आमच्या दारात येणार नव्हती. गल्लीतल्या माणसाला आपण सोळा मिनिटेही असे पाहत नाही. गिरणीवाल्याने पाहिले होते. त्यासाठी त्याला स्वमग्नता हा शब्दही लागला नाही.

शेवटचा भाग आम्ही दोन दिवसांनी पाहिला. चिमा फिरत्या दारातून एकटी पलीकडे जाते आणि आपल्या मनात जे दाटले आहे त्याचे नाव तिला सापडते. धन्यतेच्या जवळचा काही तरी शब्द आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. त्यांचा नातू पंखा पाहत होता, आणि आता त्याच्या शेजारी कुणी ना कुणी झाकण फिरवायला बसत असे. मागल्या गल्लीतलीनेही एकदा फिरवले. याहून जास्त काही घडले असे मी म्हणणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री नातीने विचारले, ‘‘त्यांचं नाव काय होतं?’’ मी सांगितले. कितीतरी वर्षांनी ते माझ्या तोंडून निघाले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले, एकदा सुलट आणि एकदा उलट. उलट म्हटले तर त्याला काहीच अर्थ येत नव्हता.

‘‘सरळच छान आहे,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली.